दोन नंबरचा डावा, तीन नंबरचा उजवा

"आले! आले! भाविकचे बूट आले!"

प्रितेश खोका डोक्यावर घेऊन जिना चढला तो थेट स्वयंपाकघरातच घुसला. मृणालीने कात्री त्याच्या हातात दिली नाही. चुलतभाऊ असला, तिच्यापेक्षा वर्षाने मोठा असला, तरी कात्रीच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने स्वतःच टेप कापली. आई भाविकला कडेवर घेऊन इतकी वाकली होती की तिची वेणी खोक्यात पडायची तेवढी बाकी होती.

"हळू गं! पट्ट्याला कात्री लागेल. थांब, मीच काढते. नको, तूच काढ, माझे हात ओले आहेत."

मृणालीने आतला कागद बाजूला केला, एक बूट उचलला आणि बूट म्हणाला, "पीं!"

सगळ्यांनी खोक्यात डोकावलं.

तिने दुसरा दाबला. तोही म्हणाला, "पीं!" वर टाचेत लाल दिवा लागला.

पाच महिन्यांचा भाविक खुदकन हसला. आई मात्र होती तिथेच लादीवर बसली.

"अरे वा! लाईटवालं हाय!" दारातून केसरीनाथ आजोबा म्हणाले. "बघा, मी काल एक फोन टाकला ना, लगेच माल आला!"

"आजोबा, हे ते बूट नाहीत!"

"बूट ते बूट! पायातच घालायचं ना?"

मृणालीने कपाळावर हात मारला. गेले पाच महिने ती हेच समजावत होती, आणि गेले पाच महिने मोठी माणसं मान डोलावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती!

भाविक जन्मला तेव्हा त्याचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून ते थोडं थोडं करत सरळ केलं. सारा पावसाळा आई त्या प्लास्टरला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून जीव मुठीत धरून होती. भाविक रडायचा, मग आई रडायची, मग मृणाली गच्चीवर जाऊन बसायची. आता पाऊल सरळ दिसत होतं, पण पाऊल हट्टी असतं. मोकळं सोडलं की ते जुन्या जागी जायला बघतं. म्हणून खास बूट. दोन्ही बूट एका धातूच्या पट्टीवर बसवलेले, तोंडं बाहेरच्या बाजूला. दिवसरात्र घालायचे, फक्त आंघोळीला काढायचे.

भाविक वाढला, बूट लहान पडले. गुरुवारी टाचेला फोड आला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "जुने काढून ठेवा. नवे शनिवारपर्यंत पायात गेलेच पाहिजेत. सोमवारी दाखवायला आणा. पाऊल फिरायला लागलं असेल, तर पुन्हा प्लास्टर."

आज शनिवार होता. दुपारचे दोन वाजले होते आणि घरात पीं-पीं वाजणारे बूट आले होते.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट निराळीच होती. हे पार्सल चेन्नईहून तीन दिवसांत भिवंडीत आलं. मग पाच दिवस ते मृणालीच्याच गावातल्या, वळमधल्या एका गोडाऊनमध्ये पडून राहिलं. त्या गोडाऊनचं निळं छप्पर मृणालीच्या गच्चीवरून दिसायचं! मुळात ते उभंच होतं आजोबांनी विकलेल्या भातशेतावर.

"काखेत कळसा!" प्रितेश रोज म्हणायचा.

आजोबा रोज "एक फोन टाकतो" म्हणायचे. अकरा जणांना फोन टाकून झाले. अकराही जण म्हणाले, "होऊन जाईल."

मृणालीने आईचा मोबाईल उचलला आणि कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आपका पार्सल डिलिव्हर हो चुका है," पलीकडून गोड आवाज आला.

"लेकिन गलत सामान आया है!"

"तो रिटर्न डालिए मॅडम. सात से दस दिन में..."

"अहो, हमको आज चाहिए! बच्चे का पाय... पैर वाकडा हो जाएगा!"

"असुविधा के लिए खेद है. आपका दिन शुभ हो!"

मृणालीने फोन ओट्यावर आपटता आपटता ठेवला. तेवढ्यात शेजारच्या मेघालीकाकी वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी भाविकचा मोकळा पाय बघितला आणि त्या नेहमीचं बोलल्या. "कशाला त्या बुटांच्या मागं लागता? तेल लावून चोळा. आमच्या नणंदेच्या पोराचा असाच सरळ झाला."

"काकी, तो पोरगा चपला उलट्या घालायचा," आई दात आवळून म्हणाली. "त्याचा पाय सरळच होता!"

काकी वाटी ठेवून निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग मनिषा आत आली.

मनिषा मृणालीच्या वर्गातली. डोंगराकडच्या पाड्यावर राहायची. तिचा डावा हात जन्मापासून कोपराच्या जरा खाली संपत होता आणि उरलेल्या दीड हातांत ती वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कामं करायची. आल्या आल्या तिने भाविकला आईकडून घेतलं, डाव्या हातावर बसवलं आणि उजव्या हाताने खोका स्वतःकडे ओढला.

"खोका तर तोच हाय," ती म्हणाली. "बूटवाल्या कंपनीचं नाव हाय. आत चिठ्ठी बघितली?"

तळाशी खरंच चिठ्ठी होती. मृणालीने वाचली. "डावा बूट, नंबर दोन. उजवा बूट, नंबर तीन. पट्टी, एक."

"म्हणजे त्यांनी बरोबर पाठवले होते!" आई ताडकन उभी राहिली. "भाविकचं डावं पाऊल लहान आहे ना, म्हणून वेगवेगळे नंबर!"

"आणि हे बघ," मनिषाने खोक्याचा कोपरा दाखवला. तो फाटला होता आणि त्यावर पिवळी टेप मारलेली होती. "ही माझ्या आयची टेप. रोज घरी येते तेव्हा तिच्या मनगटाला चिकटलेली असते. गोडाऊनात फुटके खोके आले की आय त्यांना टेप मारते."

"म्हणजे चोरी!" प्रितेशचे डोळे चमकले. "कुणीतरी बूट लांबवले!"

"चोराने बदल्यात नवे कोरे बूट कशाला ठेवले असते, अकलेच्या कांद्या?" मृणाली म्हणाली.

याचं उत्तर गोडाऊनमध्येच मिळणार होतं. आणि म्हणूनच तिघं पाच मिनिटांत तिकडच्या वाटेला लागली.

गोडाऊनच्या गेटवर चांगदेव वॉचमन होता. शिट्टी, काठी आणि वही, तिन्ही गोष्टी तो सारख्याच प्रेमाने सांभाळायचा.

"पोरांना आत बंदी हाय. गेटपास?"

"काका, ही आमच्या आजोबांची जमीन आहे," प्रितेश ऐटीत म्हणाला.

"होती," चांगदेव म्हणाला आणि वहीत बघू लागला.

मृणालीने सगळी हकिकत सांगितली. चांगदेवने ती ऐकून घेतली आणि विचारलं, "मग गेटपास?"

पालथ्या घड्यावर पाणी! मृणाली आता ओरडणार, इतक्यात मनिषाने तिला मागे सारलं. बाही जराशी वर केली, चेहरा पाडला आणि बारीक आवाजात म्हणाली, "काका, लय ऊन लागतंय हो. माझ्या आयला बोलवाल? चंद्रा नाव हाय. टेपच्या टेबलावर असते."

"अरेरे, बिचारी!" चांगदेव विरघळला. "ये, ये. पंख्याखाली बस. पाणी घे. बोलावतो हां तुझ्या आयला."

"दिवसाला एक 'बिचारी' मी कुणालातरी माफ करते," पाणी पिता पिता मनिषा पुटपुटली. "आजची वापरली."

चंद्रा बाहेर आली. मनगटाला खरंच पिवळी टेप होती. खोका बघून ती लगेच म्हणाली, "सोमवारी आलता हा. कोपरा फुटलेला. मी नुसती टेप मारली. आत काय हाय, काय न्हाय, ते दौलतभाऊ बघतात. थांबा, हाक मारते."

दौलत तपासनीस आला. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खिशात मापाची पोलादी पट्टी, कानावर पेन. खोक्यातले बूट बघताच त्याचा चेहरा फुलला.

"पोचले का? आवडले ना?"

"तुम्ही टाकलेत हे?" मृणालीने विचारलं.

"मग कोण टाकणार? अहो, अठरा वर्षं मी बूटचपला तपासतोय. माझ्या टेबलावरून एक चुकीची जोडी गेली न्हाय! हा खोका उघडला तर काय? एक बूट दोन नंबर, एक तीन नंबर! वर कसली तरी लोखंडाची पट्टी कोंबलेली! मी म्हटलं, कुठल्या गाढवानं भरला? पण लहान लेकराचं दिसलं. परत पाठवलं असतं तर महिना गेला असता. म्हणून मी साहेबांना सांगून दुसऱ्या मालातले एका मापाचे घातले. वाजणारे!"

आणि तो थांबला. आभार मानले जातील म्हणून.

चोराशी निदान भांडता तरी येतं! या माणसाने तर प्रेमाने घोळ घातला होता!

"दौलतकाका," ती एकेक शब्द तोलत म्हणाली, "माझ्या भावाची पावलं लहानमोठी आहेत. ते बूट त्याच्या मापाचे होते. आणि ती पट्टी म्हणजेच औषध आहे. ते बूट कुठे आहेत?"

दौलतने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "ज्यांची जोडी लागत न्हाय ते सुट्या गोणीत जातात. ती गोणी..."

पॅंऽऽ! मागे हॉर्न वाजला. गोण्यांनी भरलेला टेम्पो गेटकडे येत होता.

"...ती गोणी त्यात," दौलतने वाक्य पुरं केलं.

टेम्पो लडकूशेटचा होता. दर शनिवारी तो सुटे बूट वजनावर उचलायचा, घरी बसून जमतील तशा जोड्या लावायचा आणि अंबाडीच्या बाजारात विकायचा.

"थांबा! थांबा!" प्रितेश धावत सुटला आणि सरळ टेम्पोपुढे मांडी घालून बसला.

"ए पोरा! उठ! मना उशीर होतोय!" लडकूशेट खिडकीतून गरजला.

"शेट, दोनच बूट हवेत!" मृणाली म्हणाली.

"नऊ गोणी हायत. कोण शोधणार? आं? वजन झालंय, सही झालीय. चांगदेव, गेट उघड!"

सही झाली म्हणजे विषय संपला. चांगदेव गेटकडे वळला. मृणालीला रडू फुटायच्या बेतात होतं. हे एवढे तीन मोठे लोक, आणि एकालाही दोन बूट शोधायला वेळ नाही!

मनिषाने तिच्या कानात झटपट काहीतरी सांगितलं. मृणालीचे डोळे मोठे झाले.

"चांगदेवकाका!" ती अख्ख्या आवारात ऐकू जाईल अशी ओरडली. "या टेम्पोतून एक जोडी बाहेर चाललीय! पूर्ण जोडी!"

चांगदेवचा हात गेटवरच थांबला. सुटा बूट भंगारात जाऊ शकतो, पण सुट्यांच्या गोणीतून जोडी बाहेर गेली तर ती चोरी. नियम वहीच्या पहिल्याच पानावर होता आणि चांगदेवला तो तोंडपाठ होता.

"इंजिन बंद!" त्याने शिट्टी फुंकली. "सगळ्या गोण्या खाली!"

"अरे, पोरांचं काय ऐकतो!"

"नियम म्हणजे नियम, शेट!"

नऊच्या नऊ गोण्या रिकाम्या झाल्या. गेटच्या आत बुटांचा डोंगर उभा राहिला. डाव्या चपला, उजवे सँडल, एकेकटे मोजे, एक रबरी गमबूट. तिघं त्यात गुडघ्यापर्यंत शिरली. चंद्राही आली.

"पांढरा, बोटं उघडी, तीन पट्टे, टाचेला दोन भोकं आणि खाली धातूची चकती!" मृणाली ओरडून सांगत होती.

"हा?" प्रितेशने उंच टाचेचा चंदेरी सँडल वर धरला.

"भाविकला लग्नाला जायचं नाहीये, प्रितेश!"

अर्धा डोंगर उपसल्यावर तीन नंबरचा उजवा सापडला. दोन नंबरचा डावा काही केल्या मिळेना. घामाने डोळे चुरचुरायला लागले. शेवटी मनिषाने पायानेच एक गमबूट उलटा केला. आतून टुपकन एवढासा पांढरा बूट पडला.

"हीच जोडी!" मृणालीने दोन्ही बूट उंचावले.

दौलत पुढे आला. बूट उलटसुलट करून बघितले. आणि मान हलवली. "पोरी, खोटं कशाला बोलू? दोन आणि तीन. ही जोडी न्हाय."

"जोडी नसेल तर परत गोणीत," चांगदेव म्हणाला.

"म्हणजे माझे!" लडकूशेटने हात पुढे केला.

मृणालीने बूट पाठीमागे लपवले. चीड, चीड आणि चीड! ती म्हणाली, "प्रितेश, धाव! आईला आणि भाविकला घेऊन ये!"

"सायकलवर?"

"चालत, शहाण्या!"

आई चालत आली नाही. ती धावतच आली. एका हातात भाविक, दुसऱ्यात छत्री, खांद्यावर पिशवी, पिशवीत डॉक्टरांची फाईल, पाण्याची बाटली, दुपटं आणि कोण जाणे काय काय. आल्या आल्या ती मृणालीवर ओरडली, "उन्हात टोपी न घालता!" आणि मग तिला बूट दिसले. ते घ्यायला ती झेपावली, तशी पिशवी खांद्यावरून घसरली आणि चंद्राने तिचा हात धरला.

"वहिनी, बसा आधी," चंद्रा म्हणाली. "मना म्हायत हाय. ही मनिषा झाली तवा मी दोन वर्षं तिला पदराखाली झाकून फिरवली. मग एक दिवस बघते तर ही एका हातानं चिंचेवर! शेंड्यावर! काय ओरडले मी तिला! खाली उतरली तवापासून झाकली न्हाय."

आई हसली की रडली ते मृणालीला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"दौलतकाका," मृणाली म्हणाली, "तुमच्या खिशात मोजायची पट्टी आहे ना? तपासा."

"काय तपासू?"

"पावलं!"

दौलत गोंधळला. मग त्याने चष्मा लावला, खिशातली पोलादी पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि आईच्या मांडीवरच्या भाविकसमोर उकिडवा बसला. डावं पाऊल मोजलं. "साडेनऊ सेंटिमीटर." उजवं मोजलं. "साडेदहा." त्याचा विश्वास बसेना. पुन्हा मोजलं. मग दोन नंबरचा बूट मोजला, तीन नंबरचा बूट मोजला. भाविकने तेवढ्यात पट्टी तोंडात घालायचा प्रयत्न केला.

लडकूशेटसुद्धा टेम्पोतून खाली उतरून वाकून बघत होता.

दौलतने कानावरचं पेन काढलं.

"चांगदेव, वहीत लिही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एक जोडी. डावा दोन, उजवा तीन. माप बरोबर. पास. खाली माझं नाव घाल."

"हुर्रेऽऽ!" प्रितेशने गमबूट हवेत उडवला. तो लडकूशेटच्या पाठीत बसला.

"पण पट्टी?" आई म्हणाली. "पट्टीशिवाय नुसत्या बुटांचा काही उपयोग नाही!"

दौलतचा चेहरा पडला. "ती मी लोखंडाच्या पिंपात टाकलेली. पिंप काल गेलं."

"काल?" मृणाली ओरडली.

"कशी होती पट्टी?" चंद्राने विचारलं. "एवढी? दोन्ही टोकांना भोकाच्या चकत्या?"

"हो!"

"अगं बाई!" चंद्रा आत पळाली. आतून डब्यांचा खणखणाट ऐकू आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पट्टी होती, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधलेली होती. "पिंपात छान दिसली म्हणून मीच उचललेली. आम्ही बाया तिच्यावर आमचे डबे अडकवतो. मुंग्या लागत न्हाईत!"

चांगदेवच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, आईने पट्टी पिशवीतल्या पाण्याने धुतली. बूट चकत्यांवर बसवले. मधला पट्टा आधी, मग वरचा, मग खालचा. टाच भोकांतून दिसतेय ना, ते तीनदा बघितलं. भाविकने भोकाड पसरलं. मग त्याला आठवलं की आता दोन्ही पाय एकदम झाडता येतात, आणि त्याने ते चांगदेवच्या टेबलावर धाडकन आपटले. वही खाली पडली. चांगदेवने ती उचलली आणि टेबल भाविकसाठी मोकळं ठेवलं.

सोमवारी ठाण्याला डॉक्टरबाईंनी बूट काढून पाऊल हातात घेतलं. वर दाबलं, बाहेर वळवलं. मृणाली, प्रितेश आणि मनिषा भिंतीला टेकून उभी होती. आई फाईल छातीशी धरून उभी होती.

"थोडं घट्ट झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण फिरलेलं नाही. प्लास्टर नको."

आईने हातातली फाईल टेबलावर ठेवली आणि ओढणीने डोळे पुसले.

मग डॉक्टरबाईंनी सगळी हकिकत ऐकली. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "मोठ्यांनी हात टेकले आणि तुम्ही तिघांनी अर्ध्या दिवसात याचे बूट शोधून आणले! शाब्बास! अजून दोन दिवस गेले असते तर मला प्लास्टरच भिजवावं लागलं असतं. पण बाहेर बघा, अजून किती बाळं बसलीत. त्यांचेही खोके असेच येतात. त्यांनी काय करायचं?"

बाहेर बाकांवर खरंच गर्दी होती. अकलोलीहून आलेली एक आजी, मांडीवर नातू, नातवाच्या पायात पट्टी. तिच्या शेजारी एक तरुण बाबा, छातीशी प्लास्टरातली मुलगी.

मृणालीने डॉक्टरबाईंकडून कागद मागितला. मनिषाने तो टेबलावर डाव्या हाताने दाबून धरला, कारण पंखा जोरात होता. मृणालीने मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"या खोक्यातले दोन बूट वेगवेगळ्या नंबरचे आहेत. ही चूक नाही. हीच जोडी आहे. पट्टी सामानाचाच भाग आहे. यातून काही काढू नका, यात काही घालू नका. बाळ वाट बघतंय."

"बूट पाठवणाऱ्या कंपनीला मी आजच हा कागद पाठवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रत्येक खोक्यावर चिकटवायला सांगते. मराठीत आणि हिंदीतही."

आईने कागद हातात घेतला. मृणाली जरा धास्तावली. आई बीएस्सी होती आणि मृणालीचा एकही निबंध तिच्या लाल पेनातून आजवर सुटला नव्हता. तिने कागद एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं, जरा वेळ तसंच धरलं.

मग टोपण लावून टाकलं.

"असाच जाऊ दे," ती म्हणाली, आणि कागद डॉक्टरबाईंच्या हातात दिला.